पहिल्या संध्याकाळी प्लांटला यायचं नाही

तपोवन एक्स्प्रेस नाशिक रोडच्या फलाटाला लागेपर्यंत तेजश्रीने आपली संध्याकाळ मनातल्या मनात कितीदा तरी घोळवून घेतली होती. कंपनीने गंगापूर रोडला दिलेल्या फ्लॅटवर जायचं, गरम पाण्याने आंघोळ करायची, प्रवासाचे कपडे भिजत टाकायचे. मग रिक्षा करून सोमेश्वरला. नदीकाठी एखादा बरासा दगड बघून बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. येताना गंगापूर रोडवर जिथे गर्दी कमी असेल तिथे साधा वरण-भात खायचा, नवऱ्याला, आल्हादला, आणि लेकीला, ओवीला, फोन करायचा आणि पुस्तक घेऊन आडवं व्हायचं. बस. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण इतक्या हरखलोय याचं तिचं तिलाच हसू येत होतं. पण वाळूजच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेल्या, घरी सासूबाईंचं पथ्यपाणी आणि लेकीची शाळा सांभाळणाऱ्या बाईला एक अख्खी संध्याकाळ आपल्या एकटीची मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

तिची कंपनी गाड्यांना लागणारे रबराचे सुटे भाग बनवायची. मुख्य कारखाना वाळूजला आणि एक जुना, लहान प्लांट नाशिकला, अंबडमध्ये. त्या अंबडच्या प्लांटची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली होती. कंपनीत आजवर कुठल्याच बाईला प्लांट मिळाला नव्हता. तिच्याआधी दोघा-तिघांना नाशिक देऊ केलं होतं आणि त्यांनी ते नाकारलं होतं, असं तिच्या कानावर आलं होतं. का नाकारलं, हे तिने विचारलं नाही. विचारलं तर हातात आलेलं जाईल अशी धास्ती होती, आणि ती धास्ती तिने स्वतःपाशीही कबूल केलेली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी यादव साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला होता. साहेब कंपनीचे ऑपरेशन्सचे प्रमुख. बोलायला मोठे गोड.

"मग, पहिली संध्याकाळ कशी घालवणार?" त्यांनी विचारलं होतं.

तिने सोमेश्वरचं सांगितलं. सांगताना थोडी लाजलीही.

"उत्तम," साहेब म्हणाले. "माझं ऐक, पहिल्या संध्याकाळी प्लांटचं तोंडसुद्धा बघायचं नाही. कारखाना कुठे पळून जातोय? तिथे जीवन म्हणून आपला माणूस आहे, तो स्टेशनवर घ्यायला येईल. शुक्रवारी पोहोचतेस, शनिवारी तिकडे साप्ताहिक सुट्टी. रविवारी सकाळी फ्रेश होऊन हजर हो. ऑर्डर मी शुक्रवारपासूनचीच काढतो, प्रवासाचा दिवस तुझा फुकट कशाला जाऊ द्यायचा."

साहेब इतका विचार करतात, याचं तिला भरून आलं होतं.

स्टेशनबाहेर ती दोन बॅगा घेऊन उभी राहिली. दिवस मावळला होता आणि नोव्हेंबरातलं गार वारं सुटलं होतं. रिक्षावाल्यांनी घेरलं, त्यांना नको नको म्हणत तिने इकडेतिकडे पाहिलं. बराच वेळ कुणी पुढे येईना, तेव्हा तिने जीवनला फोन लावला. फोन वाजला तो दहा पावलांवर. गाडीला टेकून उभ्या असलेल्या, पंचेचाळिशीच्या, सावळ्या, जाड मिशांच्या माणसाने खिशातून फोन काढला, पडद्याकडे पाहिलं आणि न उचलता बंद केला. मग तिच्याकडे पाहिलं. तो मघापासून तिच्याकडेच बघत असावा.

"तुम्ही जीवन? इथेच होतात?"

"हो."

"मग हाक नाही मारलीत?"

"फोटोतल्यापेक्षा वेगळ्या दिसता, मॅडम," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

डिकी त्याने आतूनच उघडली. बॅगा तिने स्वतःच चढवल्या. पुढच्या सीटवर बसायला गेली तर तिथे पाना-पक्कडींची तेलकट पिशवी ठेवलेली. "पुढे सामान आहे," तो म्हणाला. ती मागे बसली.

थकव्यामुळे असेल, तिने मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं. काही माणसं अशीच तुसडी असतात. गाडी उड्डाणपुलाखालच्या गर्दीतून द्वारकेकडे निघाली तेव्हा ती म्हणाली, "किती वर्षं झाली तुम्हाला इथे?"

"प्लांटचा पाया खोदला तेव्हापासून."

"म्हणजे सगळी खडान्खडा माहिती तुम्हालाच असणार. मला तुमची खूप मदत होईल."

"दोन वर्षं चार्ज माझ्याकडे होता," तो आरशात न बघता म्हणाला. "तुम्हाला सांगितलं असेलच."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. आधीच्या प्रमुखाने नोकरी सोडली, जागा रिकामी आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. ही जागा या माणसाची व्हायची होती, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं, आणि स्टेशनवरच्या वागण्याचा उलगडा झाला असं तिला वाटलं. "मला माहीत नव्हतं" म्हणावं तर खोटं वाटेल, आणि "वाईट वाटलं" म्हणावं तर त्याहून खोटं.

द्वारकेला गाडी डावीकडे महामार्गाला लागली. तिने गाडीत बसून नकाशा पाठ केलेला होता.

"गंगापूर रोड सरळ ना?"

"फ्लॅटची किल्ली प्लांटवर राहिली."

"कुणाकडून मागवून घेता आली नसती?"

"माणसं कुठे आहेत पाठवायला? दुसरी पाळी आज तुम्ही बंद ठेवलीय."

"तुम्ही" म्हणजे कंपनीने, असा अर्थ तिने लावला. इंदिरानगरचा बोगदा गेला, पाथर्डी फाटा आला. रस्त्याच्या कडेला भाजीचे ढीग लावून बायका बसल्या होत्या. तिला आंघोळ दूर जाताना दिसत होती.

"सोमेश्वरला अंधारात काही दिसत नाही," जीवन एकाएकी म्हणाला. "पण साहेबांचा हुकूम आहे. मॅडमना सोमेश्वरला न्या, मग चांगल्या हॉटेलात जेवायला न्या, मग फ्लॅटवर सोडा. लेकराला जत्रेला नेतात तसं."

"मी असं काही सांगितलेलं नाही. मला एकटीलाच जायचं होतं."

"मग साहेबांना सोमेश्वर कुठून सुचलं?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. तिने काच थोडी खाली केली. बाहेरून गरम लोखंडाचा आणि जळक्या तेलाचा वास आत आला. अंबड आलं होतं.

प्लांटच्या गेटसमोर तीस-चाळीस माणसं उभी होती. कामावरून सुटल्यासारखी नाही, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. जीवनने गाडी त्यांच्या अगदी पुढ्यात आणून उभी केली, दिवे चालूच ठेवले आणि खाली उतरून, संध्याकाळभरात पहिल्यांदाच, तिच्यासाठी दार उघडलं.

"उतरा, मॅडम. लोक भेटायला आलेत."

ती उतरली. कुणी नमस्कार केला नाही. हेडलाइटच्या उजेडात ती एकटी आणि बाकी सगळे उजेडाच्या पलीकडे. घोळक्यातून एक बाई पुढे आली. पन्नाशीची, काटकुळी, पातळावर कंपनीचा निळा कोट चढवलेली. ही कलाबाई. मूळची हरसूलकडची, पण अंबडशेजारी चुंचाळ्यात खोली घेऊन राहणारी. साच्यातून निघालेल्या रबराच्या कडा कापून साफ करायचं काम तिने या प्लांटमध्ये उभी हयात केलेलं.

"ह्याच का त्या?" तिने जीवनला विचारलं.

"ह्याच."

कलाबाईने तिला खालून वर न्याहाळलं. "आमच्या पोटावर पाय द्यायला बाईलाच धाडलं का? पुरुष मिळाला नाय वाटतं कुनी?"

"कसला पाय?" तेजश्री म्हणाली. "मी प्लांट सांभाळायला आले आहे."

कुणीतरी हसलं. ते हसणं मागे मागे पसरत गेलं आणि विझलं.

"असं बघा मॅडम," एक उंच, चष्मेवाला माणूस शांतपणे म्हणाला, "मी भिमाजी. रबर साच्यात दाबायच्या प्रेसवर असतो, युनियनचंही बघतो. आज दुसऱ्या पाळीला सुट्टी दिली. कारण काय, तर विजेची तपासणी. तपासणीला कुणी आलेलं नाही. पण दुपारपासून पुढच्या चौकात ट्रेलर उभा आहे आणि त्याच्या मागे हायड्रा क्रेन. चार मोठ्या प्रेस आहेत आमच्याकडे. त्या गेल्या की उरतो फक्त पत्रा. आम्ही काय आंधळे आहोत?"

"मला यातलं काहीही माहीत नाही. मी रविवारपासून रुजू होणार आहे."

"ऑर्डर आजपासूनची आहे. नोटीस बोर्डावर लागलीय. पाळी बंदचा मेसेजसुद्धा तुमच्या नावाने आलाय."

तेजश्रीने जीवनकडे पाहिलं. तो हाताची घडी घालून गाडीला टेकला होता आणि तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होता. तिचं सोंग किती वेळ टिकतंय ते बघत असल्यासारखा.

मागे डिकी उघडल्याचा आवाज झाला. एका तरण्या कामगाराने तिच्या दोन्ही बॅगा ओढून काढल्या आणि रस्त्यावर टाकल्या. एकीची चेन फाटली आणि आल्हादने डब्यात भरून दिलेल्या दशम्या मातीत पसरल्या. "गाडी मिळंल अजून परतीची," तो म्हणाला. भिमाजीने त्याला दंडाला धरून मागे ओढलं, पण बॅगा उचलायला कुणी वाकलं नाही. जीवनही नाही.

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तिने फोन काढला आणि पाच-सहा पावलं बाजूला जाऊन यादव साहेबांना लावला.

"पोहोचलीस?" साहेबांचा आवाज प्रसन्न होता. "कसं आहे सोमेश्वर?"

"सर, मी प्लांटच्या गेटवर आहे."

"तिथे काय करतेस? मी जीवनला सांगितलं होतं, तुला तिकडे आणायचं नाही म्हणून."

"प्रेस हलवायच्या आहेत का?"

"तेजश्री, हे फोनवर बोलायचे विषय नाहीत. तू दमलीयेस. गाडीत बस आणि जा. आजची संध्याकाळ निवांत घालव."

"माझ्या नावाने चाललंय सगळं, सर."

"प्लांट हेडच्या नावानेच होतं ते. त्यात तुझं वैयक्तिक काही नाही. उलट तू तिथे नसावीस म्हणून मी एवढी काळजी घेतली. उद्या कुणी विचारलं तर तू गावात फिरत होतीस, तुझ्यावर कशाला येईल? आणि पुढच्या महिन्यात तुला वाळूजला परत आणतोच आहे, मोठ्या जागेवर. मी आधीच सगळं सांगितलं असतं तर तू गेली असतीस का?"

तिने मातीत पसरलेल्या दशम्यांकडे पाहिलं.

"ऐकतेस ना? जा आता."

फोन खाली घेतला तेव्हा सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. आणि तिला संताप आला, तो यादव साहेबांचा नव्हे. जीवनचा आला. या माणसाने तिला सरळ गंगापूर रोडला नेलं असतं, तर आत्ता ती नदीकाठी बसली असती. रविवारी सकाळी आली असती तेव्हा प्रेस गेलेल्या असत्या, आणि "मला काही माहीत नव्हतं" हे तिला ताठ मानेने म्हणता आलं असतं. खरंही ठरलं असतं. ते न कळण्याचं सुख याने मुद्दाम, आकसाने तिच्याकडून काढून घेतलं होतं.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला मला इथे आणायला मनाई होती."

"होती."

"मग का आणलंत?"

"तुम्ही तिकडे नदीकाठी कणसं खात बसणार आणि इकडे आमचं घर उचलून नेणार. म्हटलं, निदान तोंड तरी बघू द्यावं लोकांना."

तेवढ्यात चौकाकडून इंजिनांचा आवाज आला. पुढे लांबलचक रिकामा ट्रेलर आणि मागून हायड्रा, अवजड सामान उचलणारी ती पिवळी क्रेन, लंबकासारखा हूक हलवत. माणसं गेटपुढे दाटली. ट्रेलर थांबला. हायड्राचा ड्रायव्हर नाथा नावाचा गडी होता. तो खाली उतरला, गर्दी बघून बिचकला आणि वॉचमनला म्हणाला, "गेट उघडा. तेजश्री मॅडमचं काम आहे. त्यांचंच नाव सांगायला सांगितलंय."

कुणी हललं नाही. कलाबाई तेजश्रीकडे बघून म्हणाली, "घ्या. तुमचा मानूस आला."

"तुम्हीच का मॅडम?" नाथाच्या जिवात जीव आला. "मग सांगा ना ह्यांना जरा बाजूला व्हायला. आमचं भाडं तासावर असतं."

एक शब्द बोलायचा होता, किंवा एकही न बोलता गाडीत बसायचं होतं. दोन्हीने साहेबांचं काम होणार होतं. ओवीने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझी आई आता कारखान्याची हेड आहे. ते तिला आठवलं. हेडच तर केलं होतं तिला. एका संध्याकाळपुरतं.

"प्रेस हलणार नाहीत," ती म्हणाली. मग नाथाकडे वळून, "माझ्या नावाचं काम आहे ना? मी रद्द केलं. परत जा."

"असं कसं? साहेबांना विचारावं लागेल."

"विचार. त्यांना सांग, मी स्वतः गेटवर उभी आहे."

नाथा फोन लावत लांब गेला. तेजश्री वॉचमनकडे वळली. "गेटची आणि शेडची किल्ली द्या."

वॉचमनने जीवनकडे पाहिलं. जीवनने मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

"त्यांच्याकडे काय बघता? ऑर्डर बोर्डावर लागलीय ना? आजपासूनची?"

वॉचमनने जुडगा तिच्या हातात ठेवला. तिला वाटलं, आता तरी काहीतरी सैल होईल, कुणीतरी बरं बोलेल. झालं उलटंच. गर्दी तिच्याजवळ सरकली.

"किल्ली तुमच्याकडे आणि आम्ही जायचं घरी," जीवन म्हणाला. "फार चांगली युक्ती आहे. लोक पांगले की उघडा."

"आमच्याकडं दे," कलाबाईने हात पुढे केला.

"नाही देणार. तुमच्याकडे किल्ली सापडली तर सकाळी पोलिसात तुमचं नाव जाईल. माझ्याकडे असली तर माझं जाईल."

"आमची लय काळजी हाय वाटतं."

"काळजी नाही. डोकं वापरते आहे."

"मघाशी फोनवर काय बोलणं झालं, तेही आम्हाला ठाऊक नाही," भिमाजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त बोचलं. "तुम्ही आणि साहेब मिळून हे नाटक करत नसाल कशावरून? आज थांबवलं म्हणून आम्ही तुम्हाला हार घालायचा आणि उद्या सुट्टीच्या दिवशी मशिनी गायब."

"मग तुम्ही थांबा इथे."

"आम्ही थांबूच. तुम्ही?"

"तीबी थांबंल," कलाबाई म्हणाली. "जाते कुठं. हितंच बसायचं, बाई, आमच्या डोळ्यांम्होरं."

अशी तेजश्री गेटला पाठ लावून आपल्या फाटक्या चेनच्या बॅगेवर बसली. हातात जुडगा, आणि भोवती जमिनीवर, दगडांवर, कंपाउंडच्या भिंतीवर बसलेली तीस-चाळीस माणसं. गार वारं सुटलेलं. शाल बॅगेत होती, पण काढायला उठलं तर सगळे उठतील असं वाटून ती उठली नाही. समोर ट्रेलर तसाच उभा. थोड्या वेळाने टपरीवरून चहा आला. जीवनने स्वतः पेले वाटले, वॉचमनला दिला, नाथालाही दिला. तिच्यापाशी आला तेव्हा ट्रे रिकामा होता. त्याने ट्रे उलटा करून तिला दाखवला नाही, एवढीच सभ्यता. कलाबाई तिच्या समोर बसून सावकाश फुंकर घालत प्याली.

"लेकरं हायती?" तिने मधेच विचारलं.

"एक मुलगी."

"तिला ठेवून आली?"

"परीक्षेपर्यंत."

"माझ्या पोरीनं इथंच धा वर्सं काम केलं माझ्यासंगं. गेल्या साली कमी केली. तवाबी कुनी साहेब आला होता, गोड बोलत." तिने पेला विसळून पाणी तेजश्रीच्या पायांशेजारी फेकलं. चपलेवर शिंतोडे उडाले. चुकून की मुद्दाम, सांगता आलं नसतं.

यादव साहेबांचा फोन आला. तिने उचलला, आणि या वेळी बाजूला गेली नाही.

"तू काय चालवलंयस ते तुला कळतंय का?"

"हो सर. तुम्ही सांगितलंत तशी निवांत बसले आहे."

"थट्टा करू नकोस. उद्या तुझी ऑर्डर रद्द होईल."

"उद्या होईल. आज नाही झालेली."

साहेबांनी पुढे जे सुनावलं त्यात गोडवा राहिला नव्हता. तिच्या कामाबद्दल, तिच्या कुवतीबद्दल, बाईमाणसाला जागा देण्याची चूक केल्याबद्दल. फोनचा आवाज मोठा होता. जवळच्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला असणार. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फोन ठेवला तेव्हा भिमाजी चष्मा पुसत होता.

त्यानंतर थोड्या वेळाने नाथाला कुठून तरी निरोप आला. त्याने हायड्रा वळवली. ट्रेलरला वळायला जागा नव्हती, तर जीवननेच पुढे होऊन, हात करत, शिट्टी मारत त्याला मागे काढून दिलं. गाड्या चौकाबाहेर गेल्यावर काही जण टाळ्या वाजवायला लागले, पण त्या टाळ्या एकमेकांसाठी होत्या. भिमाजीने गेटपाशी कोण कोण बसणार ते ठरवलं. मग तो तिच्यासमोर येऊन म्हणाला, "शेडच्या कुलपावर आम्ही आमचं एक कुलूप घालतोय. तुमचं तुमच्याकडे, आमचं आमच्याकडे. चालेल?"

"चालेल."

"नाही चाललं तरी घालणार होतो."

मग जीवनने गाडी काढली. बॅगा तिनेच चढवल्या. या खेपेला पुढची तेलकट पिशवी त्याने मागे टाकली होती, पण ती मागेच बसली. कॉलेज रोडवर दुकानांचा झगमगाट होता, आइस्क्रीम खाणारी पोरं होती, कुठेतरी लग्नाचं बेंजो वाजत होतं. गंगापूर रोडच्या इमारतीखाली गाडी थांबली. जीवनने पँटच्या खिशातून फ्लॅटची किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

"ही प्लांटवर राहिली होती ना?" तिने विचारलं.

"खिशात होती."

तिने किल्ली घेतली.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, एवढं मला आता पटलंय," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "त्याने काही बदलत नाही. ठाऊक असतं तर तुम्ही आला नसतात, असं मला तरी वाटत नाही."

"तुमची जागा मी घेतली, हा राग आहे."

"आहे. का नसावा? जागा मला दिली असती तर हा ट्रेलर दारात आला नसता. म्हणून तर दिली नाही." त्याने इंजिन बंदसुद्धा केलं नव्हतं. "पाणी सकाळी लवकर येतं आणि लवकर जातं. तेवढं बघा."

ती वर गेली. नळाला पाणी नव्हतं. आल्हादचा फोन तीनदा येऊन गेला होता. तिने त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ओवीला काय सांगू?"

शनिवारी सकाळी तिची ऑर्डर रद्द झाल्याचा मेल आला आणि वाळूजला तातडीने हजर व्हायला सांगणारा दुसरा. ती वाळूजला न जाता अंबडला गेली, जुडगा भिमाजीसमोर वॉचमनच्या हाती दिला आणि मग राजीनामा पाठवला. युनियनने लेबर ऑफिसात तक्रार गुदरली. प्रकरण उन्हाळ्यापर्यंत चाललं. चारपैकी दोन प्रेस शेवटी वाळूजला गेल्याच. दोन राहिल्या आणि त्यांच्यामागे निम्मी माणसं राहिली. भिमाजी राहिला, जीवन राहिला. कलाबाईची नोकरी गेली. तेजश्रीला सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात, आधीपेक्षा खालच्या जागेवर, काम मिळालं. परीक्षा संपल्यावर आल्हाद ओवीला आणि सासूबाईंना घेऊन नाशिकला आला.

लेबर ऑफिसातल्या सुनावणीला मात्र तिला साक्षीसाठी बोलावलं होतं. त्या शुक्रवारी साहेब फोनवर काय म्हणाले ते तिने जसंच्या तसं सांगितलं. कंपनीच्या वकिलाने तिला खोटं पाडायचा प्रयत्न केला. नोकरी गेल्याच्या रागाने ही बाई बोलते आहे, असं तो म्हणाला. मग अधिकाऱ्याने कलाबाईला उभं केलं आणि विचारलं, "त्या संध्याकाळी ट्रेलर कुणी थांबवला?"

कलाबाईने पदर सावरला. तेजश्रीकडे एकदा पाहिलं. त्या बघण्यात गेटवरच्या संध्याकाळपेक्षा काही निराळं नव्हतं.

"आम्ही आडवे झालतो म्हनून थांबला," ती म्हणाली. "ह्या बाईनी नाय म्हटलं, तेबी खरं. पन आम्ही तिथं नसतो, तर ह्यांनी नाय म्हटलं असतं का, ते त्यांनाच इचारा."

अधिकाऱ्याने तेजश्रीकडे पाहिलं. वकीलही थांबला होता.

"नसतं म्हटलं," तेजश्री म्हणाली.

कारकुनाने ते लिहून घेतलं, आणि कलाबाई आपल्या जागेवर जाऊन बसली.